दोन हिसके

१

होडी बांधायचं खूळ आमच्या ह्यांचं, पण ती शिवायची कशी ते मी शिकवलं. हो, शिवायचीच. लोकांना वाटतं होडी म्हणजे खिळे, हातोडा, नुसती ठोकाठोक. तसं नसतं. प्लायवूडच्या लांब पट्ट्या कापायच्या, त्यांच्या कडेने बारीक छिद्रं पाडायची आणि कडेला कड लावून तांब्याच्या तारेने टाचायच्या. मग सांध्यांवर रेझिन भरायचं आणि ते सुकून कडक झालं की तारा उपटून टाकायच्या. कपड्याला आधी कच्चा टाका घालतात आणि पक्की शिलाई झाली की उसवतात, त्यातलाच प्रकार. हे मला कळलं तेव्हा म्हटलं, अहो, हे तर माझंच काम की! माझं आयुष्य शिवणाच्या मशीनवर गेलं.

ह्यांना पाण्याचा धाक, पोहता तर मुळीच येत नव्हतं. "पोहता येत नाही आणि निघाले होडी बांधायला," मी म्हणायचे. "पोहता येत नाही म्हणूनच होडी लागते," हे म्हणायचे. जन्मभर चष्म्याच्या काचा घासण्याचं काम केलेला माणूस. बोलणंही तसंच, घासूनपुसून.

जागा माझ्या शिवणाच्या खोलीत काढली. मशीन कोपऱ्यात सरकलं, गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला ठेवलेल्या मोठ्या आरशावर धूळ बसू नये म्हणून चादर टाकली आणि मधोमध दोन लाकडी घोड्यांवर होडी. हे अंगाने काडी, म्हणून आत उशी टाकून हे बसायचे. मी बाहेर बुटक्या स्टुलावर. मी तारेचा तुकडा इंग्रजी यू-सारखा वाकवून दोन छिद्रांतून आत ढकलायचा, ह्यांनी आतून दोन्ही टोकं धरून ओढायची आणि पक्कडीने पीळ द्यायचा. मी बसले की होडीची कड कपाळाच्या वर जायची, त्यामुळे आम्हाला एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. म्हणून ह्यांनी खूण ठरवली. तार हातात आली की दोन हलके हिसके. म्हणजे, घेतली. मग पक्कडीचा सांधा कुरकुरायचा, कुर्र कुर्र, की मी पुढची तार घ्यायची.

भांडायलाही तो काळ बरा होता. तोंड न बघता भांडलं की राग टिकत नाही, हे मला या वयात कळलं.

त्या दिवशी दुपार होती. पंखा फिरत होता. मी तार आत घातली आणि ती तशीच राहिली. मला वाटलं, घाम पुसत असतील. थोडं थांबले. "अहो, झोपलात की काय?" म्हटलं. "तार घ्या ना, माझं बोट दुखायला लागलं." तार हलेना. मग मी उठले आणि वाकून पाहिलं.

उशीला टेकून बसले होते, पक्कड मांडीवर. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, त्यांना काही कळलंही नसेल. त्यांना नसेल कळलं. मला कळलं होतं. तार कोणी घेतली नाही तेव्हाच.

२

माणसं आली, बसली, गेली. लेक रजा काढून राहिली. ती दूरच्या शहरात असते, नोकरीही तिकडेच. ती बापासारखीच डावखुरी, आणि बापासारखीच हट्टी. निघताना म्हणाली, "आई, चल माझ्याकडे. इथे एकटी काय करणार आहेस? आणि हे धूड आधी काढून टाक या खोलीतून."

"धूड म्हणू नकोस. एक बाजू शिवून झालीय."

"मग दुसरी कोण शिवणार?"

"मी शिवते. शिवून झाली की येते. शब्द देते तुला."

तिला वाटलं, म्हातारीला काहीतरी उद्योग हवा. तिनेही जास्त ताणलं नाही. शब्द दिला तेव्हा मी खरंच तसं ठरवलं होतं, हे इथे सांगून ठेवते.

ती गेल्यावर दुपारी मी स्टुलावर बसले. एक तार वाकवली आणि आत ढकलली. आता उठायचं, फिरून पलीकडे जायचं, आत वाकून पीळ द्यायचा आणि परत यायचं. एकटीने करायचं तर असंच होणार होतं. गुडघ्यावर हात टेकून उठतच होते, तेवढ्यात तारेला हिसका बसला. लगेच दुसरा.

मी तशीच, अर्धी उठलेली. मग आतून पक्कड कुरकुरली.

मी काही भोळी बाई नाही. प्लायवूड वाकवून बसवलेलं असतं, ते सरळ व्हायला बघतं, तार ओढली जाणारच, असं मी मनाशी म्हटलं. पक्कड उशीवर तिरकी पडली असेल, घसरली असेल. आणि मग मी वाकून आत पाहिलं. आत उशी होती, उशीवर पक्कड होती आणि तारेचा पीळ अर्धवट राहिला होता. डावीकडे वळलेला, ह्यांचा असायचा तसा. त्या दिवशी मी आणखी तारा घालून पाहिल्या. एकही कोणी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर बसले, तार घातली आणि नजर माझ्या मांडीवरच ठेवली. दोन हिसके आले. कुर्र कुर्र. मी तोंडावर पदर दाबून रडले. दुःखाने नाही, खोटं कशाला बोलू.

३

मग आमचं परत सुरू झालं. सकाळी मी दुरुस्तीचे कपडे संपवायचे, पडदे, गणवेश, कोणाच्या पँटची लांबी. दुपारी दार लावून घ्यायचं आणि स्टुलावर बसायचं. मी बोलायचे. नळाचं पाणी कसं बारीक झालंय, लेकीचा फोन आला होता, तिचा साहेब कसा खडूस आहे. उत्तर यायचं नाही, पण आधीही कुठे फार यायचं! ह्यांचं उत्तर म्हणजे पुढचे दोन हिसके. आत वाकून मात्र पाहायचं नाही, एवढं पथ्य मी पाळलं.

भीती वाटली नाही का? माझ्याच माणसाची कसली भीती? भीती वाटली ती वेगळीच. दुसरी बाजू भराभर शिवून होत होती. छिद्रं संपत आली होती. होडीचं टोक जवळ आलं तसे माझे हात जड व्हायला लागले. सगळे टाके पडले की रेझिन, आणि रेझिन सुकलं की तारा काढायच्या. मग आत बसून कोणी काय घ्यायचं?

शेवटच्या छिद्रापाशी पोचले त्या दिवशी मी कात्री घेतली. कापडाची नव्हे, पत्रा कापायची. बाहेरून दिसणारा तारेचा वेढा मध्येच कापला, टोकाने आत ढकलला. पिळलेला तुकडा आत पडल्याचा बारीक आवाज आला. मग त्याच्या शेजारचा. संध्याकाळपर्यंत अर्धी बाजू उसवून झाली. उसवणं मला काही नवीन नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बाई, खांद्यात जरा सैल हवं, की बसायचं उसवत.

"शिवण वाकडी गेली होती," मी मोठ्याने म्हटलं. "परत घालू."



त्यानंतर असंच चाललं. शिवायचं, टोक जवळ आलं की उसवायचं. लेक फोनवर विचारायची, "झाली का गं होडी?" मी म्हणायचे, "होत आलीय." ते खोटंही नव्हतं. रोजच होत आलेली असायची.

४

पुढे कधीतरी हिसके सैल व्हायला लागले.

आधी मी लक्ष दिलं नाही. मग दोन हिसक्यांमध्ये अंतर पडू लागलं. पहिला यायचा, आणि मी दुसऱ्याची वाट बघत बसायचे. पक्कडीची कुरकुर मध्येच थांबायची, परत सुरू व्हायची, जसा माणूस हात झटकून घेतो आणि कामाला लागतो. ह्यांची काचा घासून घासून मनगटं गेली होती. थंडीत कपसुद्धा दोन हातांनी धरायचे.

"दमलात का?" मी विचारायचे. "आज राहू द्या. उद्या करू."

उद्या मी तीच बाजू परत उसवलेली असायची, हेही तितकंच खरं. कधी कधी तार आत गेल्यावर इतका वेळ जायचा की मला हे गेले ती दुपार आठवायची. मग मी म्हणायचे, "अहो, घ्या ना. एवढीच घ्या." आणि ते घ्यायचे. मी म्हटलं की घ्यायचे. जिवंतपणी इतकं कधी ऐकलं नव्हतं.

एकदा मी ठरवलं, बास. आता हाल पुरे. रेझिनचा डबा काढून मशीनवर ठेवला. सकाळी उठले, डबा बघितला आणि परत कपाटात नेऊन ठेवला. माझ्याने झालं नाही. तुम्हाला जमलं असतं तर तुमचं मन माझ्यापेक्षा घट्ट.

आणि त्याच दुपारी हिसके एकदम चांगले आले. लागोपाठ, ठणठणीत. मी इतकी हरखले! "आज बरं वाटतंय वाटतं?" म्हटलं. एकामागून एक तारा घालत गेले आणि आतून भराभर घेतल्या गेल्या. मला ह्यांच्या दुखण्याला उतार पडल्यावर व्हायचा तसा आनंद झाला. मी चहा करून घेतला आणि स्टुलावर बसूनच प्यायले.

५

समोरच्या गल्लीतला सुतार अधूनमधून यायचा. प्लायवूड त्यानेच आणून दिलं होतं आणि होडी खोलीबाहेर काढायला खिडकीची चौकट उतरवावी लागणार होती, तेही तोच करणार होता. दाराची रुंदी बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं, त्यावरून तो ह्यांची फार थट्टा करायचा. ह्यांच्या माघारी मात्र थट्टा करत नसे.

तो आला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "वहिनी, छिद्रं मोठी झालीत की. परत परत उसवताय का?"

"मनासारखं होत नाही."

"आता झालंय मनासारखं. टाके बघा काय बसलेत. केसाची फट नाही. आधीचे दादांचे असे नव्हते, खरं सांगायचं तर. तुमचा हात चांगलाच बसलाय."

मला आवडलं. मी त्याला चहा दिला. जाताना दारातून तो परत फिरला, पिशवीत हात घातला आणि म्हणाला, "बघा, विसरतच होतो. मागच्या खेपेला खिडकी बघायला आलो तेव्हा आतून उचलून नेली होती, सांगायचंच राहिलं. बरेच दिवस झाले, तुमचं अडलं असेल."

त्याने पक्कड काढून माझ्या हातात दिली.

ह्यांचीच पक्कड. मुठीला ह्यांनी गुंडाळलेली निळी चिकटपट्टी. मी ती उघडली, मिटली. कुर्र झालं.

तो गेल्यावर मी पक्कड हातात धरून उभी राहिले. किती दिवसांत मी हा आवाज ऐकला नव्हता? सांधा तेल लागून मोकळा झाला असेल, असं मी मध्ये एकदा मनात म्हटलं होतं, एवढं आठवलं. तेल कोण घालणार होतं, हे तेव्हा मनात आलं नाही. मग परवाचे, कालचे हे घट्ट पीळ कशाने दिले होते? तांब्याची जाड तार. बोटांनी पिळायला गेलं तर कातडी निघते.

सुताराने दुसरीच पक्कड परत केली असेल, माझ्या लक्षात राहिलं नसेल, निळी पट्टी काय कोणीही गुंडाळतं. मी सगळं म्हणून पाहिलं. दुपारी स्टुलावर बसले, तार घातली. दोन हिसके आले, दोन्ही अगदी सारखे. मग काहीच आवाज नाही, आणि तारेचा वेढा माझ्या डोळ्यांसमोर लाकडात रुतत गेला.

६

लेक न सांगता आली. आली तशी बॅग टाकून कंबर कसली. "आई, किती केर केलायस गं! आत तर बघवत नाही." आणि मी थांबवायच्या आत ती होडीत वाकलीसुद्धा.  तिला काही दिसलं नाही. तिने ब्रशने तळाचे पिळलेले तुकडे लोटले आणि माझ्या बटणांच्या रिकाम्या डब्यात भरले. डबा गच्च झाला.

संध्याकाळी ती डबा मांडीवर घेऊन बसली. बापाची आठवण काढत एकेक तुकडा उलगडत होती. मध्येच हसली.

"काय गं?"

"हा बघ बाबांचा. डावा पीळ. माझ्या हातात लगेच उलगडतो. शाळेत सगळ्यांच्या बाटल्यांची झाकणं मला घट्ट लागायची ना, इथे त्याच्या उलट." तिने दुसरा तुकडा काढला, बोटांत फिरवला, थांबली. "हा मात्र सुटत नाही. हा तुझा."

"माझा?"

"उजव्या हाताचा पीळ आहे. या घरात उजव्या हाताची तूच एक." ती तुकडे निवडायला लागली. डावीकडे बाबांचे, उजवीकडे माझे. "बाबांचे बघ कसे होत गेलेत. हे घट्ट आहेत, हे सैल, हे तर नुसते मुरगळलेत. शेवटी शेवटी हात चालत नसणार, आणि आपल्याला एका शब्दाने बोलले नाहीत." तिचे डोळे भरले. "तुझे मात्र काय एकसारखे आहेत, आई! मशीनने केल्यासारखे."

मी एकही तार पिळली नव्हती. पहिली नाही, शेवटची नाही. लेक डोळे पुसत होती तेवढ्यात पक्कड घेऊन मी एका तुकड्याला पीळ देऊन पाहिला. वेडावाकडा, ढिला. आंधळ्याने केला असता तर बरा झाला असता. डब्यातल्या त्या दुसऱ्यांशी त्याचं काही नातं नव्हतं.

मी डावीकडच्या ढिगातले ते मुरगळलेले तुकडे हातात घेतले. हे तुकडे ह्यांच्या जाण्याआधीचे नव्हते. तेव्हा हे शेवटपर्यंत घट्टच पिळत होते. हे तुकडे त्यानंतरचे. मी "एवढीच घ्या" म्हणायचे तेव्हाचे. आणि त्याच्यापुढे एक तुकडा असा असणार, की तो ह्यांचा शेवटचा. कोणता? सगळं एकत्र झाडलेलं. डब्यात हात घालून मी कितीतरी वेळ शोधत राहिले. लेक म्हणाली, "आई, काय हरवलंय?"

काय सांगू तिला? पहिल्या वेळी तार कोणी घेतली नाही, म्हणून मला कळलं. दुसऱ्या वेळी तार घेतली जात राहिली. हे दमून, कंटाळून कधीतरी उठून गेले, आणि जागा रिकामी झाल्याचं मला कळायच्या आत तिथे कोणीतरी येऊन बसलं. मी त्याला विचारत होते, आज बरं वाटतंय का म्हणून.

"उद्या रेझिन लावू," मी म्हटलं.

"खरंच?" लेकीने मला मिठी मारली.

७

सकाळी ती आंघोळीला गेली होती. खोलीत चांगलं ऊन आलं होतं. मी आरशावरची चादर काढली. आरसा पलीकडच्या भिंतीला जरा पुढे कलून उभा असतो, त्यामुळे स्टुलावर बसलं की त्यात होडीचं आतलं अंग दिसणार होतं. मला एकदाच बघायचं होतं. नसतं बघितलं तर पुढे कधीतरी मी स्वतःला परत फसवलं असतं.

मी मान खाली घालून तार आत घातली. दोन हिसके आले. मी डोळे वर केले.

उशीवर कोणी नव्हतं. उशी कधीची सपाट, थंड असावी तशी पडली होती. कडेला, माझ्या छिद्रांच्या आतल्या बाजूला, एक हात होता. उजवा. तार पिळून झाली होती आणि तो तळवा वर करून, बोटं अर्धी मिटून थांबला होता, पुढच्या तारेसाठी. घाई नव्हती त्याला. नवऱ्याचा हात ओळखायला मला चष्मा लागत नाही. तो ह्यांचा नव्हता. मी मनगटापर्यंत पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्याच्यापुढे अजून पुष्कळ होतं आणि ते बसलेलं नव्हतं, एवढंच मला सांगता येईल.

मी चादर परत टाकली. चारी टोकं नीट ओढली.

दिवसभर आम्ही मायलेकींनी रेझिन लावलं. लेक गात होती. डाव्या हाताने सांध्यांवरून पट्टी फिरवत होती, अगदी बापासारखी. रेझिन कडक झाल्यावर तारा तापवून एकेक उपटली. सगळ्या निघाल्या. टोकाची एक निघेना. मी पक्कडीत धरून ओढली, तर ती आतून ओढली गेली. लेक पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली होती.

"सोड," मी म्हटलं.

ह्यांना मी जन्मात कधी अरेतुरे केलं नाही. त्याला ते कळलं असावं. तार अलगद सुटून माझ्या हातात आली.

सुताराने चौकट उतरवली, चार माणसं बोलावली आणि होडी खिडकीतून बाहेर नेली. तलावाच्या काठाला त्याच्या भावाची शेड आहे, तिथे ठेवली. लेक म्हणाली, "शीड राहिलं फक्त. ते शिवलंस की आपण पहिल्यांदा पाण्यात घालू, बाबांच्या नावाने. मग तू माझ्याबरोबर येणार. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तेव्हाही मनापासूनच म्हटलं.

८

खोली फार मोठी झाली. जमिनीवर घोड्यांच्या पायांचे ओरखडे राहिले आहेत. चौकट परत बसवली तरी खिडकीतून वारा येतो. मी मशीन मध्ये घेतलं, आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि शिडाचं कापड पसरलं. लांब शिवणी मशीनवर झाल्या. कोपऱ्यांना कापडाचे इतके थर येतात की मशीनची सुई मोडते, ते हातानेच करावं लागतं. वरून सुई खुपसायची, खालून दुसऱ्या हाताने ओढून घ्यायची.

आज दुपारी एक कोपरा मांडीवर घेऊन बसले. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. मी "अहो" म्हणून हाक मारून पाहिली. एकदाच. मग नाकावरचा चष्मा पुसला, ह्यांनीच काचा घासलेला, आणि सुई खुपसली. खाली हात नेला तर सुई नव्हती.

दोरा हळूहळू आत जात होता. पुरता ताणला गेला आणि थांबला. मग दोन हिसके आले. हलके, सारखे. आणि सुईचं टोक खालून वर आलं, बरोबर जिथे यायला हवं तिथे, आणि मी ते धरावं म्हणून थांबलं.

माझ्या मांडीवर कापड होतं आणि कापडाखाली माझे पाय होते. मी कापड उचलून पाहिलं नाही.

ते हे नव्हेत. मला पक्कं ठाऊक आहे. हे कोणत्या दुपारी गेले ते मला या जन्मात कळणार नाही, आणि जे आहे ते काय आहे हेही मला कळून घ्यायचं नाही. पण पलीकडून कोणीतरी दोरा घेतं. एवढ्या मोठ्या घरात मी काही पुढे केलं तर ते कोणीतरी घेतं.

मी सुई धरली. पुढचा टाका घातला, तोही घेतला गेला. त्याच्या पुढचाही. ऊन उतरेपर्यंत चारांतले तीन कोपरे झाले होते.

फोन वाजला. लेक होती. आवाजात किती उत्साह! तिने माझ्यासाठी खोली लावून ठेवली होती, खिडकीशी मशीनची जागासुद्धा काढली होती. "आई, झालं का गं शीड? कधी येऊ न्यायला?"

"थोडं राहिलंय," मी म्हटलं.

फोन ठेवला, कात्री घेतली आणि पहिला कोपरा उसवायला बसले.